मिस डेलचं हसू आणि टोबिनचा भोपळा

टोबिन केसिंजरने ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी भोपळा कोरला, आणि सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

सेंट लुईसच्या दक्षिणेकडच्या त्या विटांच्या दुमजली घरांच्या गल्लीत, ऑक्टोबर लागल्या-लागल्या भोपळ्याला सुरी लावायची नसते हे शेंबड्या पोरालाही कळतं. भोपळा आणायचा, पायरीवर मांडायचा, येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारायची. पण कोरायचा तो हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी. कारण इथला ऑक्टोबर भरवशाचा नाही. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तोच स्वेटर कमरेला बांधून घाम पुसत घरी येतो. अशा उकाड्यात कोरलेला भोपळा किती टिकणार?

पण टोबिनला कोण सांगणार? तो उत्तरेकडच्या एका खेड्यातला, आणि त्या खेड्याच्या चारी बाजूंना भोपळ्याचीच शेतं. "भोपळ्यातलं मला कुणी शिकवू नये," असं तो गल्लीत आल्यापासून ज्याला त्याला ऐकवत होता. त्याच्या गावचे भोपळे ट्रकमध्ये भरून थेट डबाबंद करायच्या कारखान्यात जायचे आणि ते कोरत बसायला तिथे कुणाला सवड नव्हती, एवढा तपशील मात्र तो गाळायचा.

तर त्याने भोपळा कोरला. छानच कोरला. तिरके डोळे, तीन दात, एक भुवई वर. आणि नेऊन ठेवला पायरीवर. त्या घरात खाली मिस डेल राहायच्या, वर टोबिन. दारं दोन, पायऱ्या मात्र सामाईक. दोन दिवसांत भोपळ्याचे गाल बसले. मग खारींनी त्याचा एक डोळा खाल्ला. मग त्याला बुरशी धरली आणि कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा तो ओठ आत ओढून बसला. टोबिन सकाळी कामावर जाताना त्याला ओलांडायचा आणि म्हणायचा, संध्याकाळी टाकू. संध्याकाळी म्हणायचा, सकाळी टाकू. शुक्रवारी सकाळी मिस डेल पेपर घ्यायला खाली उतरल्या, त्यांचा पाय त्या हसऱ्या तोंडात गेला, आणि त्या भोपळ्यावर बसल्या.

बसताना त्यांच्या तोंडून काय निघालं यावर गल्लीत दोन मतं आहेत. समोरच्या सेनादच्या मते ती शिवी होती, आणि चांगली लांबलचक होती. चर्चला जाणाऱ्या मंडळींच्या मते ते देवाचं नाव होतं. टोबिन वरच्या खिडकीत दात घासत होता आणि त्याने सगळं स्पष्ट ऐकलं, पण तो सांगत नाही.

भोपळ्याने बसण्याचा दणका पुष्कळसा झेलला. उरलेला पायरीच्या कडेने बरगडीला दिला. बरगडीला चीर गेली.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि पथ्यं सांगितली. वजन उचलायचं नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. शिंक शक्यतो टाळायची. आणि महिना-दीड महिना हसायचं नाही.

"काय नाही करायचं?" मिस डेलनी विचारलं.

"हसायचं नाही. म्हणजे हलकंसं स्मित चालेल. खदखदून नको."

मिस डेलनी मान वळवून टोबिनकडे पाहिलं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर त्यांची पर्स घेऊन, पाहुण्यांच्या घरी कप फोडलेल्या पोरासारखा बसला होता. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आता दुसऱ्या कुणाला महिनाभर हसू नका म्हटलं तर तो म्हणेल, ठीक आहे, नाहीतरी हसण्यासारखं काय चाललंय. पण डेल्फीन प्रुइट या बाईंना, ज्यांना अख्खी गल्ली मिस डेल म्हणते, हॅलोविनच्या तोंडावर हसू नका म्हणणं म्हणजे आचाऱ्याला ऐन लग्नाच्या दिवशी चुलीजवळ जाऊ नका म्हणण्यासारखं होतं. कारण या शहरात हॅलोविनला फुकट काही मिळत नाही. बाकीच्या देशात पोरं सोंगं घेऊन दार वाजवतात, पिशवी पुढे करतात, गोळ्या-चॉकलेटं घेतात आणि चालू लागतात. इथे तसं चालत नाही. इथे दार उघडणारा माणूस हाताची घडी घालून उभा राहतो आणि म्हणतो, "हं, सांग." मग भुताने, चेटकिणीने, अंतराळवीराने, जो कोण असेल त्याने, जोक सांगायचा. जोक सांगितला की चॉकलेट. कसाही असला तरी चालतो, पण सांगितलाच पाहिजे.

आणि त्या गल्लीत जोकची शेवटची परीक्षा मिस डेलच्या व्हरांड्यात व्हायची. त्यांच्याकडे छोटं चॉकलेट सगळ्यांना मिळे. पण ज्याच्या जोकला मिस डेल खरोखर, आवाज करून हसतील, त्याला खुर्चीखालच्या पत्र्याच्या डब्यातून हातभर लांब चॉकलेट. ते मिळवण्यासाठी पोरं सप्टेंबरपासून आरशासमोर तालीम करत. मागच्या वर्षीचा जोक चालत नसे, मिस डेलना सगळे आठवत. भावाचा जोक बहिणीने सांगितला तर दोघांनाही परत पाठवत.

त्यांचं हसू म्हणजे गंमत नव्हती. आधी खांदे हलायचे. मग खुर्ची. मग पोटातून कुठूनतरी, तळघरात कुणी कोळसा ओतावा तसा आवाज वर यायचा, आणि तो बाहेर पडला की समोरच्या चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडायची, दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री उत्तर द्यायची. ज्या पोराने ते हसू मिळवलं त्याला आठवडाभर शाळेत मान असायचा.

हे हसू त्यांनी बसमध्ये कमावलं होतं. ग्रँड रस्त्यावरची सिटी बस त्या निवृत्त होईपर्यंत चालवत होत्या. हॅलोविनला सुट्टी कधी मिळाली नाही, म्हणून मग दुपारी सोंग घेऊन बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला त्या दारातच अडवायच्या. पोर असो वा मोठा बाप्या, जोक सांगितल्याशिवाय बस हलत नसे. एकदा उशीर का झाला म्हणून साहेब चौकशीला चढला. त्यालाही सांगावा लागला. त्याचा जोक इतका रद्दी होता, मिस डेल सांगायच्या, की मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने त्याला उतरायला सांगितलं.

त्यांचे यजमान लुशस बुटांच्या कारखान्यात होते. एकदम अबोल माणूस. बायको हसत सुटली की ते म्हणायचे, माझ्या वाटचंही तूच हसून घे. ते गेले तेव्हा हॅलोविन अगदी तोंडावर आलं होतं. गल्ली धरून चालली की यंदा त्या व्हरांड्यातला दिवा लागणार नाही; आणि ज्या घराचा दिवा बंद त्या घराच्या पायऱ्या पोरांनी चढायच्या नाहीत, हा नियम. पण अंधार पडला आणि दिवा लागला. मिस डेल काळ्या कपड्यांत खुर्चीत बसलेल्या. पोरांना वाटलं चेटकीण झाल्यात, आणि एकाने तसं कौतुकाने म्हटलंही. त्या दिवशीचं पहिलं हसू त्यालाच मिळालं.

म्हणजे तो दिवा घर घेतल्यापासून एकदाही चुकला नव्हता. आणि आता तो चुकायच्या बेतात होता, कारण मिस डेलची मुलगी इव्हेट आली होती.

इव्हेट एका मोठ्या ऑफिसात माणसांना शिस्त लावायचं काम करायची आणि तेच काम घरीही फुकटात करायची. तिने आईची बॅग भरायलाच घेतली. बरगडी जुळेपर्यंत आईने नदीपलीकडच्या तिच्या घरी राहायचं, असं तिने ठरवून टाकलं. तिकडे शांतता होती. घरं एकमेकांपासून इतकी लांब की हॅलोविनला पोरांना मोटारीतून दारोदार न्यावं लागतं.

"तिकडे मला हसवायला कोण येणार?" मिस डेल म्हणाल्या.

"कुणी नाही. तेच तर पाहिजे," इव्हेट म्हणाली.

टोबिन दारात सफरचंदाच्या गरम रसाची बरणी घेऊन उभा होता. प्रायश्चित्त म्हणून तो रोज काहीतरी आणत होता. बागेतली पानं गोळा करून झाली होती, कचरा बाहेर जात होता, पेपर दारात नव्हे तर हातात येत होता. गल्लीने त्याचं नाव बदलून 'भोपळा' ठेवलं होतं. दुकानात पाव घ्यायला गेला तरी पाववाली विचारायची, "काय भोपळा, आज कुणाला पाडलंस?" त्याचं त्याला काही नव्हतं. पण दिवा लागला नाही तर तो त्याच्यामुळे लागला नाही असं होणार होतं, आणि पोरं ते त्याला म्हातारपणापर्यंत विसरू देणार नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती. मागच्या वर्षी तो हॅलोविनच्याच दिवशी सामान घेऊन इथे राहायला आला. नियम माहीत नव्हता. खोकी वर नेता नेता मिस डेलच्या टोपल्यातून एक चॉकलेट उचललं आणि तोंडात टाकलं. मिस डेलनी त्याच्याकडे बघून फक्त बोट उगारलं आणि म्हणाल्या, "उधार." तेव्हापासून तो त्यांचा एक जोक लागत होता. वर्षभरात त्याने किती वेळा प्रयत्न केला. त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, आणि मग म्हणायच्या, "हा मी बसमध्ये ऐकलाय." ज्या बाईला तो एकदाही हसवू शकला नव्हता तिचं हसणंच त्याने बंद पाडलं होतं.

तो बरणी घेऊन आत आला आणि म्हणाला, "मिस डेल, तुम्ही फक्त बसा. हसायचं काम मी करतो."

इव्हेटने बॅगेची चेन लावता लावता वर पाहिलं. "म्हणजे?"

टोबिन शाळांच्या बँडची वाद्यं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. तिथे एक जुना ट्यूबा पडून होता. अंगाभोवती अजगरासारखं वेटोळं घालून बसणारं ते पितळी धूड कुठल्याशा शाळेने दुरुस्तीला दिलं आणि मग नवंच घेतलं. टोबिनने त्याचा पोचा काढला होता. वाजवता त्याला फारसं येत नव्हतं, तीन सूर जेमतेम. पण त्या तीन सुरांपैकी सगळ्यात खालचा सूर, त्याचं म्हणणं असं की, मिस डेलच्या हसण्याच्या अगदी जवळ जातो. जोक आवडला तर मिस डेलनी बोट वर करायचं, की तो हसणार. म्हणजे ट्यूबा.

मिस डेलनी बॅगेतून आपला गाऊन काढून परत खुंटीला लावला.

तालीम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. टोबिनने ट्यूबा मांडीवर घेतला, गाल फुगवले आणि फुंकर मारली. मिस डेल गंभीरपणे ऐकत होत्या. "हे मी नाही," त्या म्हणाल्या. "हे गाय अडलीय." त्याने पुन्हा वाजवलं. "हा लुशसचा भाऊ जेवणानंतर." मग त्यांनी त्याला नीट समजावलं, की हसू एकदम वर येत नाही, आधी दोनदा मागे सरतं, मग येतं. हे सांगतानाच त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्यांनी उशी छातीशी धरली. इव्हेट दारात उभीच होती.

"झालं," ती म्हणाली. "ही बिनाजोकची अवस्था. त्या दिवशी अख्ख्या गल्लीची पोरं येणार. आई, तू हसू दाबूच शकत नाहीस."

"दाबू शकते."

"कधी दाबलंस?"

"तुझ्या लग्नात. तुझा सासरा गायला तेव्हा."

ते खरं होतं. मग इव्हेटने अट घातली. समोरच्या सेनादला बोलवायचं. त्याने अर्धा तास जोक सांगायचे. आई एकदाही हसली नाही तर इथेच राहील. हसली तर बॅग तयारच आहे.

सेनाद म्हणजे गल्लीतला सगळ्यात धोकादायक माणूस. तो बोस्नियातून लढाईच्या काळात बायको-मुलाला घेऊन इथे आला. पहिल्याच हॅलोविनला दारात फाटक्या कपड्यांतली, तोंड काळं केलेली पोरं बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, या देशातही हीच परिस्थिती. त्याने पोरांना आत घेतलं, टेबलाशी बसवलं आणि शेंगदाण्याएवढ्या चवळीचं गरम सूप आणि पाव वाढला. बाहेर आया पोरांना हाका मारत गल्लीभर फिरत होत्या. शेवटी मिस डेल शोधत आल्या. बघतात तर एक सांगाडा, दोन चेटकिणी आणि एक पंख निखळलेली परी मुकाट्याने सूप पितायत. त्या दारातच हसत खाली बसल्या. सेनाद सांगतो की त्याला तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण त्या हसण्यावरून कळलं की इथे राहता येईल. तेव्हापासून दर हॅलोविनला चॉकलेटाबरोबर त्याच्या दारात सूपाचं पातेलंही असतं.

तर सेनाद आला, इस्त्रीचा सदरा घालून. मिस डेल समोर खुर्चीत, मांडीवर उशी. त्याने सुरुवात केली. चेटकीण झाडू परत करायला दुकानात जाते आणि म्हणते, हा बदलून द्या, हा नुसता केर काढतो. टोबिन हसला. इव्हेट खोकली. मिस डेल खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे ओठ हळूहळू हलत होते. मग सांगाडा डॉक्टरकडे जातो, आणि डॉक्टर म्हणतात, यायला जरा उशीरच केलात. मिस डेल ढिम्म. मग सेनादने आपल्या सासूचे सुरू केले, जे तो बायको गावाला गेली असेल तेव्हाच सांगतो. इव्हेटचा चेहरा लाल झाला आणि ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. मिस डेल दगड.

अर्धा तास झाल्यावर सेनादने रुमालाने कपाळ पुसलं. "डेल, मी आयुष्यात इतका अपमान सहन केलेला नाही," तो म्हणाला.

"करत काय होतात तुम्ही?" टोबिनने मिस डेलना विचारलं. "ओठ हलत होते."

"मेरामेक, चिपेवा, युटा, वायोमिंग, जुनिअटा, हार्टफर्ड, आर्सेनल," मिस डेल म्हणाल्या. ते त्यांच्या बसचे थांबे होते. "एकेका थांब्यावर उभी राहून दार उघडत होते. स्टिअरिंगवर बसल्यावर हसू आलं तर मी हेच करायचे, नाहीतर बस फुटपाथवर गेली असती."

इव्हेटने बॅग रिकामी केली. मात्र त्या दिवशी ती स्वतः खुर्चीमागे उभी राहणार होती, हे तिने बजावलं. आणि मिस डेलनी टोबिनला बजावलं, की माझं हसू व्हायचं तर त्या जागेला शोभेल असं सोंगही पाहिजे.

ते सोंग चर्चच्या हॉलमध्ये मिळालं. तिथे दरवर्षी सगळे जुनी सोंगं आणून टाकतात आणि दुसऱ्याची उचलतात. मिस डेलनी ढिगातून एक नारिंगी, फुगीर, वर हिरवं देठ असलेलं भोपळ्याचं सोंग उचललं. ते दहा वर्षांच्या पोराच्या मापाचं होतं. टोबिनच्या मांड्या त्यातून पूर्ण बाहेर राहिल्या.

हॅलोविनची दुपार चांगली निघाली. मेपलची पानं पिवळीजर्द होऊन पडत होती, उकाडा एकदाचा गेला होता. गल्लीची दोन्ही टोकं लाकडी अडथळे लावून बंद केली. पोरांनी पानांचा डोंगर करून त्यात उड्या मारल्या, कुत्र्यांची सोंगाची मिरवणूक निघाली आणि त्यात एका मांजरीने गोंधळ घातला. कोरलेले भोपळे ओळीने पायऱ्यांवर होते, सगळे आदल्या दिवशीचे ताजे. मोठी माणसं घरासमोर शेगड्या पेटवून, खुर्च्या टाकून बसली. अंधार पडू लागला आणि मिस डेलच्या व्हरांड्यातला दिवा लागला. टोबिनने स्वतः लावला. मिस डेलनी बसचा जुना गणवेश घातला होता, टोपीसकट.

रांग लागली. पहिला समुद्री चाचा आला, जोक सांगितला, आणि मिस डेलच्या चेहऱ्याकडे आशेने बघत राहिला. त्यांचे ओठ युटापर्यंत गेले असावेत. मग त्यांनी बोट वर केलं. शेजारच्या नारिंगी भोपळ्याने गाल फुगवले आणि असा काही आवाज काढला की कबुतरं खरोखरच उडाली. चाचा आधी दचकला, मग आनंदाने पायरीवरच नाचला. बातमी गल्लीभर पसरली. त्यानंतर प्रत्येकाला ट्यूबाचं हसूच हवं होतं. मिस डेल मात्र नियमाच्या पक्क्या. फालतू जोकला बोट वर होत नसे, आणि एका मुलाने वाद घातला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, भोपळासुद्धा हसला नाही, बघ." टोबिनचे ओठ सुजले, देठ वाकडं झालं, पण तासभर काम चोख चाललं. इव्हेट खुर्चीमागे पहारेकऱ्यासारखी उभी होती आणि हळूहळू तिनेही कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकलं होतं.

मग मेलिहा आली. सेनादची नात, नुकतीच चार वर्षांची झालेली. ती डॉक्टर झाली होती. पांढरा कोट जमिनीवर लोळत होता आणि गळ्यात खरा स्टेथोस्कोप. आजोबा खाली पायरीशी उभे. त्यांनी तिला सांगाड्याचा जोक आठवडाभर घोटून दिला होता.

"हं, सांग," मिस डेल म्हणाल्या.

मेलिहाने तोंड उघडलं. जोक गेला होता. तिने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी ओठांनी काहीतरी खुणावलं, ते तिला कळलं नाही. मागची रांग चुळबुळ करू लागली. मग तिची नजर टोबिनवर गेली आणि तिथेच थांबली.

"एक भोपळा होता," ती म्हणाली. "टोबीने त्याला कापलं. मग तो सडला. मग मिस डेल त्याच्यावर बसल्या."

टोबिनने डोळे मिटले. मिस डेलचे ओठ हलत होते: मेरामेक, चिपेवा.

"मग सगळे म्हणाले, मिस डेल, लागलं का, लागलं का. आजोबा म्हणाले. बाबा म्हणाले." तिने कोट सावरला, टोबिनच्या समोर गेली आणि त्याच्या नारिंगी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून, मान तिरकी करून, गंभीरपणे विचारलं, "तुला लागलं का रे? तुला कुणी विचारलंच नाही."

मिस डेल युटावर होत्या. वायोमिंग आलंच नाही. आधी खांदे हलले. मग खुर्ची. इव्हेट "आई" म्हणेपर्यंत ते हसू तळघरातून निघालेलं होतं, आणि बाहेर पडलं तेव्हा शेगड्यांभोवतीची माणसं उठून उभी राहिली. मिस डेलनी उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, "आई गं" आणि हसू एकाच वेळी येत होतं, आणि थांबत नव्हतं. टोबिनने ट्यूबा मांडीवरून हळूच खाली ठेवला. त्याचं काम संपलं होतं. दोन गल्ल्यांपलीकडून कुत्र्यांनी उत्तर दिलं.

इव्हेट रागावण्यासाठी पुढे आली, पण तिचंही तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि तिला आईचाच खांदा धरावा लागला. मेलिहाने खुर्चीखालच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिला ते हातभर चॉकलेट मिळालं. तिने ते कोटाच्या खिशात घातलं, ते खिशात मावलं नाही, म्हणून स्टेथोस्कोपसारखं गळ्यात अडकवायचा प्रयत्न केला, आणि शेवटी आजोबांकडे देऊन पुढच्या घराकडे निघाली.

बरगडी तुटली नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढला आणि म्हणाल्या, चीर आहे तेवढीच आहे, पण पथ्य पाळलेलं दिसत नाही. मिस डेल म्हणाल्या की पाळलं, चार वर्षांच्या एका डॉक्टरने मोडलं.

हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंड धुण्याआधी, टोबिन पायऱ्यांवरचे सगळे भोपळे उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकत होता. आपले झाले, मग शेजारचे, मग सेनादचेही. खालची खिडकी वर सरकली आणि टोपी घातलेलं डोकं बाहेर आलं. मिस डेलच्या हातात टोपल्यातलं उरलेलं एक चॉकलेट होतं. त्यांनी ते त्याच्याकडे फेकलं. त्याने झेललं.

"जोक?" त्या म्हणाल्या.

टोबिनकडे होता. आठवडाभर त्याने तो घासूनपुसून ठेवला होता, आणि बसमध्ये कुणी सांगितला नसणार याची त्याला खात्री होती. त्याने तोंड उघडलं, आणि मग त्यांच्या छातीशी धरलेली उशी पाहिली.

"बरगडी कशी आहे?" त्याने विचारलं.

"दुखतेय."

"मग नको."

"मग उधार दोन झाले," मिस डेल म्हणाल्या, आणि खिडकी खाली ओढली.